खपली गहू आणि गुंगीची भाकरी

सध्या खपली गव्हाला बरे दिवस आले आहेत. पूर्वी सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव या पट्ट्यात खिरीपुरता आणि सणावारापुरता पेरला जाणारा हा गहू आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत पाकिटात बसून साध्या गव्हापेक्षा कितीतरी चढ्या भावाने विकला जातो. त्याच्या कौतुकात एक वाक्य हमखास असतं: "खपलीवर रोग पडत नाही."

वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सांगायला थोडं लांबून यावं लागेल, कारण त्यात अमेरिका आहे, युगांडा आहे, इथिओपिया आहे. आणि गंमत म्हणजे जगभरच्या गहू-शास्त्रज्ञांच्या वह्यांमध्ये आपला हा गहू 'खपली' याच मराठी नावाने शंभर वर्षं नोंदलेला आहे.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. गव्हावरच्या या रोगाला आपल्याकडे तांबेरा म्हणतात, काही ठिकाणी गेरवा. दोन्ही नावं रंगावरून पडलेली. तांबेरा पडलेल्या गव्हातून पांढऱ्या पायजम्याने चालत गेलं तर गुडघ्यापर्यंत गेरूचा हात फिरवल्यासारखं दिसतं. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. तांबेरा तीन प्रकारचा: खोडावरचा काळा, पानावरचा नारिंगी आणि पट्ट्यापट्ट्यांनी येणारा पिवळा. पिवळ्याला थंडी लागते, म्हणून तो पंजाब-हिमाचलची डोकेदुखी. आपल्याला भीती नारिंगीची आणि काळ्याची.

त्यातही काळा सगळ्यांत क्रूर. तो खोडाची साल आतून फाडत बाहेर येतो. मुळांनी ओढलेलं पाणी आणि पानांनी केलेलं अन्न ओंबीपर्यंत पोचत नाही, दाणे चिमतात, पीक आडवं पडतं. तीन आठवड्यांपूर्वी दृष्ट लागण्यासारखं असलेलं शेत कापायच्याही लायकीचं राहत नाही. १८३०च्या आसपास नर्मदेच्या खोऱ्यात तांबेऱ्याने मैलोन्‌मैल गहू असा बसवल्याचं स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात पुन्हा तेच झालं.

ही बुरशी फक्त जिवंत झाडावर जगते. मग आपल्याकडे मार्चअखेर गहू कापला, एप्रिल-मेमध्ये रान तापलं, की ती जाते कुठे? हा प्रश्न आग्र्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या करमचंद मेहता यांनी धसास लावला. मैदानातल्या उन्हाळ्यात बीजाणू तग धरत नाहीत, ते थंड डोंगरांवर, उशिरा-लवकर पेरलेल्या आणि आपोआप उगवलेल्या गव्हावर जीव धरून राहतात आणि तिथून दर वर्षी नव्याने खाली उतरतात, असं त्यांनी दाखवलं. पुढे १९७०च्या दशकात नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रवासाची वाट शोधली: निलगिरी-पळणीच्या डोंगरांवरचे बीजाणू नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांच्या वाऱ्यावर स्वार होऊन मध्य भारतात पोचतात आणि पावसाबरोबर शिवारात उतरतात. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खाऊन परत येणाऱ्या बहुतेकांना पत्ता नसतो, पण तिथे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. थंड, दमट, धुक्याची हवा. तांबेऱ्याला हवं तेच. म्हणून गव्हाचे वाण पारखायला ती जागा उत्तम.

आता एका बीजाणूच्या मागे जाऊ. तो पानावर पडतो. रात्रीचं दव मिळालं की त्याला कोंब फुटतो. कोंबाला डोळे नाहीत, तो पानाच्या पृष्ठभागावरचे उंचसखल भाग चाचपत पुढे सरकतो आणि पानाचं श्वासाचं भोक, म्हणजे पर्णरंध्र सापडलं की त्यावर ठाण मांडून आत शिरतो. आत गेल्यावर तो पेशींना मारत नाही. पेशीच्या भिंतीला बारीक भोक पाडतो आणि आतला नाजूक पडदा न फाडता त्यात आपली बोटं खुपसतो. गाय न मारता दूध काढत राहावं तसा प्रकार. आठ-पंधरा दिवसांत तिथे पुटकुळी फुटते, तीतून हजारो नवे बीजाणू बाहेर पडतात, आणि हे चक्र एका हंगामात अनेकदा फिरतं.

झाडाला पळता येत नाही. आपल्या रक्तात गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, झाडात तसं काही फिरत नाही. म्हणून प्रत्येक पेशीला आपली राखण आपणच करावी लागते. ही राखण दोन पदरी असते. पहिला पदर म्हणजे वाड्याच्या दारातला कुत्रा समजा. बुरशीच्या भिंतीत कायटिन नावाचा पदार्थ असतो. खेकड्याचं कवच आणि कोळंबीची साल ज्याची बनते, तोच. झाडात कायटिन नसतं. त्यामुळे पेशीच्या बाहेरच्या कातडीवरचे काही रेणू कायटिनचा तुकडा लागला की भुंकायला लागतात. भातात असा एक रेणू जपानी शास्त्रज्ञांनी २००६ साली ओळखला. भुंकणं सुरू झालं की पेशी भिंत जाड करते, बुरशीला नकोशी रसायनं सोडते. तांदूळ, गहू, मका, ज्वारी यांच्यावर हवेतून दररोज शेकडो प्रकारच्या बुरश्या येऊन पडतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्या या कुत्र्याच्या भुंकण्यानेच परत जातात. आपल्याला त्यांची नावंही कळत नाहीत.

तांबेरा मात्र सराईत आहे. तो आत बोटं खुपसतो तेव्हाच त्या बोटांतून पेशीत काही प्रथिनं सोडतो. त्यांचं काम झाडाची धोक्याची घंटा बंद पाडायचं. चोराने कुत्र्याला गुंगीची भाकरी टाकावी तसं. कुत्रा गप्प, चोर आत.

आणि इथे गवतवर्गाची, खरं तर सगळ्याच झाडांची, खरी करामत सुरू होते. पेशीच्या आत दुसरा राखणदार बसलेला असतो. तो चोराचं तोंड बघत नाही. तो भाकरी ओळखतो. जी भाकरी टाकून कुत्र्याला गप्प केलं, तीच पुरावा. ती दिसली की राखणदार जे करतो ते भयंकर आहे: तो ती खोली पेटवून देतो. म्हणजे बुरशी शिरलेली पेशी स्वतःला मारून टाकते. तांबेऱ्याला जिवंत पेशीच लागते, मेलेल्या पेशीत तो उपाशी मरतो. शेतात हे दिसतं कसं? गेरूच्या पुटकुळ्यांऐवजी पानावर टाचणीच्या टोकाएवढे सुकलेले ठिपके. पैदासकाराला, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याला, असे ठिपके दिसले की तो खूश होतो.

हा राखणदार काय चीज आहे, हे अलीकडे अगदी अणूरेणूंपर्यंत पाहता आलं. एसआर-३५ नावाचा एक राखणदार एकदाणी गव्हातून, म्हणजे गव्हाच्या फार जुन्या भाईबंदाकडून आलेला. (एस आर ही खोडावरच्या तांबेऱ्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. पुढेही ती येतील.) २०२२ साली त्याचं चित्र उलगडलं. तांबेऱ्याची ठराविक भाकरी हाती लागली की असे पाच राखणदार एकत्र येतात, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलात जुळतात आणि पेशीच्या पडद्यात एक नळी तयार करतात. त्या नळीतून कॅल्शियम आत घुसतं. ती आग लागल्याची खूण. गव्हाच्या जनुकसंचात असे राखणदार तयार करणारी जनुकं हजारांच्या घरात आहेत, माणसाच्या जनुकसंचात याच कुळातली विसाच्या आसपास. ज्याला पळता येत नाही त्याला पहारेकरी जास्त ठेवावे लागतात.

राखणदार आणि भाकरी यांची जोडी असते, हे मुळात गव्हावर कळलं नाही. ते कळलं जवसावर. विदर्भात ज्याची चटणी होते तेच जवस. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात हॅरॉल्ड फ्लोर जवसाच्या तांबेऱ्यावर काम करत होते. १९४०च्या दशकात त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. बाकीचे फक्त झाडांचे संकर करत, फ्लोर यांनी बुरशीचेही संकर केले. त्यातून दिसलं की झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकामागे बुरशीत त्याच्या जोडीचं एक जनुक असतं. दोन्ही हजर असतील तरच प्रतिकार होतो. भाकरी बदलली किंवा टाकलीच नाही, तर तिचा राखणदार जागा असूनही उपयोग नाही. पैदासकारांचा वर्षानुवर्षांचा अनुभव, की चांगला रोगप्रतिकारक वाण पाच-सात वर्षांत 'बसतो', त्याचं कारण त्यांनी एका ओळीत सांगून टाकलं. वाण बिघडत नाही. चोर पीठ बदलतो.

त्याआधी इंग्लंडमध्ये रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये गव्हातला पिवळ्या तांबेऱ्याचा प्रतिकार मेंडेलच्या वाटाण्यासारखाच पिढीतून पिढीत ठराविक प्रमाणात उतरतो हे दाखवलं होतं. मग लोकांना वाटलं, झालं काम, एक जनुक आणा आणि मोकळे व्हा. मिनेसोटाच्या एल्विन स्टॅकमन यांनी ती आशा मोडली. एकाच तांबेऱ्याच्या कितीतरी उपजाती असतात आणि एका गव्हाला हरवणारी दुसऱ्यापुढे हरते, हे त्यांनी सिद्ध केलं. उपजात ओळखायची कशी? डोळ्यांनी तर सगळा तांबेरा सारखाच. त्यासाठी त्यांनी बारा गव्हांचा एक संच ठरवला. कोणता गहू पडतो, कोणता तगतो, त्यावरून उपजातीचा नंबर. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या बारांत मार्क्विस होता, कोटा होता, कुबांका होता. आणि बारावा होता खपली.

खपली शेवटचा असण्याला अर्थ होता. बाकीचे अकरा कधी ना कधी पडायचे, खपली जवळजवळ प्रत्येक उपजातीला पुरून उरायचा. भारतातून गेलेला, टरफल घट्ट धरून बसणारा, कांडल्याशिवाय दाणा न देणारा हा गहू अमेरिकेतल्या काचघरात कसोटीचा दगड बनला होता.

मग १९५० मध्ये तिकडे १५बी नावाची उपजात फोफावली. १९५३ आणि १९५४ या लागोपाठच्या दोन हंगामांत तिने नॉर्थ डकोटाचा ड्युरम गहू, म्हणजे ज्याचा पास्ता होतो तो, जवळजवळ झोपवला. पैदासकारांनी ज्या भांडारांकडे हात पसरले त्यांत खपली होता. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या वॉल्टर वॉटरहाउस यांनी तर त्याआधीच स्टाइनवेडेल या तिकडच्या गव्हाशी खपलीचा संकर करून ठेवला होता. त्या वाणाचं नाव 'खपस्टाइन'. अर्धं मराठी, अर्धं जर्मन वाटणारं हे नाव मला फार आवडतं.

खपलीतून आलेल्या जनुकांना पुढे एसआर-१३ आणि एसआर-१४ असे नंबर मिळाले. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात डुब्कोव्स्की यांच्या प्रयोगशाळेने एसआर-१३ नेमका वेगळा काढला. निघाला तो वर सांगितलेल्या राखणदारांच्याच कुळातला. त्याची एक सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे: हवा गार असताना तो आळसावलेला असतो, पंचवीस अंशांच्या आसपास मात्र चांगलं काम करतो. बरेच राखणदार उलटे असतात, उष्णता वाढली की त्यांना डुलकी लागते. काळा तांबेरा ऊबदार दिवसांतच उसळतो, हे लक्षात घेतलं तर दख्खनमधल्या गव्हाकडे असाच राखणदार सापडावा यात नवल नाही. अर्थात हा माझा तर्क.

खपलीला एवढी किंमत यायला एक अपघातही कारणीभूत झाला. राय नावाचं युरोपातलं एक थंड मुलखातलं धान्य आहे. जर्मनीत गहू आणि राय यांच्या संकरातून रायच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात कायमचा अडकून बसला. त्या एका तुकड्यात एसआर-३१ होतं, शिवाय नारिंगी आणि पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धची जनुकंही. पैदासकारांना लॉटरीच लागली. कणीक जरा चिकट होते अशी कुरकुर होती, पण इकडे रोग येत नाही म्हटल्यावर ती कोण ऐकणार? मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय गहू-मका केंद्रामार्फत तो तुकडा जगभरच्या वाणांत गेला. भारतात १९९५ मध्ये आलेला पीबीडब्ल्यू ३४३ हा वाण त्यातलाच, आणि उत्तर भारतातली शिवारंच्या शिवारं त्याने भरली.

सगळ्या वाड्यांत एकच राखणदार. चोराला एवढी सोय दुसरी कुठली? १९९८ मध्ये युगांडात एसआर-३१ असलेल्या गव्हावर काळा तांबेरा दिसला. पुढच्या वर्षी त्याला यूजी-९९ नाव पडलं. तो केनियात गेला, इथिओपियात गेला, २००६ मध्ये येमेनला आणि २००७ मध्ये इराणला पोचला. त्याआधीच, २००५ मध्ये, हरितक्रांतीचे जनक, नव्वदी ओलांडलेले नॉर्मन बोरलॉग नैरोबीत जाऊन सगळ्यांना खडबडून जागं करून आले होते. जगातल्या कित्येक देशांचे वाण केनिया आणि इथिओपियातल्या शेतांत नेऊन यूजी-९९ समोर उभे केले गेले तेव्हा बहुतेक पडले. तगलेल्या जनुकांची यादी छोटी होती. एसआर-१३ त्या यादीत होतं.

पीबीडब्ल्यू ३४३ चं काय झालं? त्याला यूजी-९९ ची वाट बघावी लागली नाही. पंजाबात पिवळ्या तांबेऱ्याची नवी उपजात आली आणि तिने त्याची दुसरी बाजू फोडली.

इथवर वाचून वाटेल की झाडाचं नशीब म्हणजे एकेक राखणदार येणार आणि एकेक पडणार. पण प्रतिकाराची आणखी एक जात आहे, गाजावाजा न करणारी, आणि मला विचाराल तर तिला पुरेसं श्रेय मिळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत साउथ डकोटात एडगर मॅकफॅडन यांनी मार्क्विस गव्हाचा यारोस्लाव नावाच्या रशियन एमरशी संकर केला. एमर म्हणजे खपलीचाच वंश. साध्या गव्हात ४२ गुणसूत्रं, खपलीच्या वंशात २८, त्यामुळे हिशेब जुळत नाही आणि संकरातून फारच थोडं बी धरतं. त्या मूठभर बियांतून जो गहू निघाला त्याला त्यांनी 'होप', म्हणजे आशा, असं नाव दिलं. त्यातलं एसआर-२ हे जनुक खोली पेटवत नाही. रोग येतो, पण हळू येतो, पुटकुळ्या कमी आणि छोट्या, आणि हे सगळं झाड मोठं झाल्यावर. जोडीला ओंबीवर काळपट झाक येते. काही पैदासकारांना ती दिसायला नको वाटते, काहींना ती जनुक आल्याची खूण म्हणून हवी असते. बोरलॉग यांच्या मेक्सिकन गव्हांत हेच एसआर-२ होतं, आणि शंभर वर्षं होत आली तरी तांबेऱ्याला त्यावर पुरता तोडगा सापडलेला नाही.

याच थाटाचं दुसरं जनुक एलआर-३४ (एल आर ही पानावरच्या तांबेऱ्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं). हे २००९ मध्ये उलगडलं तेव्हा ते राखणदारांच्या कुळातलं निघालंच नाही. ते पेशीत माल इकडून तिकडे नेणाऱ्या हमालाचं जनुक आहे. त्याच्या साध्या रूपात आणि प्रतिकारक रूपात प्रथिनाच्या साखळीतल्या जेमतेम दोन मण्यांचा फरक. एवढ्यावर ते नारिंगी तांबेरा, पिवळा तांबेरा आणि भुरी, म्हणजे पानावर पांढरी भुकटी आणणारा बुरशीचा रोग, अशा तिन्हींना रेटून धरतं, काळ्यालाही थोडं. किंमत म्हणजे पानांची टोकं लवकर सुकतात. शेतकऱ्याला ते आवडत नाही, खत कमी पडलं असं वाटतं. पण भाकरी ओळखण्याचा प्रश्नच नसल्याने चोराने कितीही पीठ बदललं तरी फरक पडत नाही.

भुरी म्हटलं की द्राक्ष बागायतदाराचे कान टवकारतात. द्राक्षावरची भुरी वेगळ्या बुरशीची, पण सातूवरही, म्हणजे जवावर, भुरी येते आणि तिच्याविरुद्धची युक्ती या सगळ्यांत धूर्त आहे. सातूत एमएलओ नावाचं जनुक असतं. भुरीला आत शिरायला ते मदतच करतं, चोर ज्या फळीवर पाय देऊन चढतो ती फळी समजा. १९४२ मध्ये जर्मनीत क्ष-किरणांनी सातूच्या बियांत फेरफार करताना ही फळी मोडलेलं झाड मिळालं. इथिओपियातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या सातूतही ती आपोआप मोडलेली सापडली. फळीच नाही, तर भुरी चढणार कशी? युरोपातल्या सातूत १९७९-८० पासून हे वापरात आहे आणि अजून टिकून आहे. चिनी शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये गव्हातली ही फळी जनुक-संपादनाने काढली. फुकट मात्र काहीच नसतं: फळी काढलेल्या झाडांवर आपोआप ठिपके पडतात आणि काही दुसऱ्या बुरश्यांना ती झाडं जास्त सोपी जातात.

राखणदार फितूर होतो का? होतो. उरुग्वेकडून अमेरिकेत आलेल्या व्हिक्टोरिया नावाच्या ओटमध्ये तांबेऱ्याविरुद्ध उत्तम प्रतिकार होता. १९४०च्या दशकात तिकडचे ओट बहुतेक त्याच रक्ताचे झाले. आणि १९४६ च्या सुमारास तोवर कोणी दखल न घेतलेल्या एका बुरशीने ते पीक जाळून टाकलं. ही बुरशी मेलेल्या पेशींवर जगणारी होती. ती मुद्दाम असं विष सोडायची की राखणदाराने ते पाहून खोली पेटवावी. मग राख हीच तिची मेजवानी. ज्वारीतही अमेरिकेत असंच घडलं. तिथल्या मायलो ज्वारीला मुळं कुजवणारा एक रोग लागायचा, आणि ज्या झाडांत तो एक राखणदार गळून पडला तीच झाडं वाचायची. म्हणून 'जास्त प्रतिकारक जनुकं म्हणजे जास्त चांगलं' असा सरळ हिशेब इथे चालत नाही.

राखणदार गैरहजर असण्याचेही दुष्परिणाम दूरवर जातात. भातावरचा करपा कोकणात कुणाला सांगायला नको. त्या बुरशीचे अनेक गट आहेत. भाताचा गट भातावर, गवतांचे गट गवतांवर. गव्हाला करपा माहीत नव्हता. १९८५ मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात तो गव्हावर पहिल्यांदा दिसला. कारण पुढे २०१७ मध्ये लक्षात आलं. तिथे त्या काळात एक राखणदार नसलेला गहू मोठ्या प्रमाणावर पेरला जात होता. गवतावरच्या करप्याला त्या शिवारात गहू खायची सवय लागली, आणि मग त्याने भाकरी बदलून राखणदार असलेल्या गव्हांनाही गाठलं. २०१६ मध्ये तो बांगलादेशात उतरला आणि पलीकडे पश्चिम बंगालच्या सीमेलगतच्या जिल्ह्यांत गव्हाची पेरणी थांबवावी लागली. एका वाड्यात राखणदार नसणं ही त्या वाड्यापुरती बाब उरत नाही.

आता परत पाकिटावरच्या वाक्याकडे. खपलीकडे काळ्या तांबेऱ्याविरुद्ध चांगले राखणदार आहेत, हे खरं. पण एसआर-१३ ला भुरीची किंवा काणीची भाकरी ओळखता येत नाही, त्याचं ते कामच नाही. आणि काळ्या तांबेऱ्यापुढेही तो अजिंक्य नाही. इथिओपियातल्या डेब्रे झेइटच्या शेतांत जेआरसीक्यूसी नावाची उपजात सापडली आहे. ती एसआर-१३ ला चकवते. इथिओपियात ड्युरम आणि एमर शेकडो वर्षं पेरले जातात, तिथल्या चोराला सरावाला भरपूर वेळ मिळाला.

म्हणून हल्ली पैदासकार एकेकटा राखणदार बसवायचं टाळतात. दोन-तीन राखणदार आणि जोडीला एसआर-२ सारखं संथ जनुक, असं एकाच वाणात गुंफतात, म्हणजे चोराला एकाच वेळी सगळ्या भाकऱ्या बदलाव्या लागतील. नुसत्या संकराने हे करायला दहा-बारा वर्षं सहज जातात, कारण दर पिढीत एखादा राखणदार हातातून निसटतो. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या गटांनी पाच जनुकं एका तुकड्यात जोडून गव्हात घातली, म्हणजे ती पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच उतरतील. शेतातल्या चाचण्यांत तो गहू काळ्या तांबेऱ्यापुढे भक्कम उभा राहिला. पण तो जनुकांतरित गहू आहे, आणि आपल्याकडे अशा पिकांपैकी शेतकऱ्याच्या हाती रीतसर आलेला आहे तो फक्त बीटी कापूस. तेव्हा आपल्या शिवारासाठी संकराचीच वाट उरते: निफाडचं गहू संशोधन केंद्र, पुण्याची आघारकर संशोधन संस्था (खपलीचा बुटका, न लोळणारा एमएसीएस २९७१ तिथलाच), आणि वाण पारखायला महाबळेश्वर.

या पारखण्यात एका गव्हाचं नाव कधीच पाकिटावर येत नाही. आग्रा लोकल. त्याच्याकडे तांबेऱ्याविरुद्ध कामाचा राखणदार नाही. कुठलाही तांबेरा आला की तो खुशाल घर उघडतो. भारतातल्या तांबेरा-संशोधनात त्याचं बी जपून ठेवतात, मुद्दाम पेरतात आणि मुद्दाम आजारी पाडतात, कारण तांबेरा जिवंत ठेवायला आणि वाढवायला कुणीतरी हवाच. नव्या वाणाची ओळ स्वच्छ दिसली तर ती राखणदारामुळे, की त्या वर्षी रोगच उतरला नाही म्हणून, हे ठरवायचं असेल तर शेजारच्या ओळीत आग्रा लोकल गेरूने माखलेला दिसावा लागतो.